जुन्या सापळ्यातला आकडा

जून महिन्यात पूर्वी नावाची संशोधक नोकरीसाठी जर्मनीला गेली आणि प्रयोगशाळेत दोनच माणसं उरली. एक डॉ. ज्ञानेश उबाळे, प्रयोगशाळेचे प्रमुख. ते डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. दुसरी दीपिका धोदडे, वय एकतीस, करारावर नेमलेली संशोधक. सकाळी झाडायला येणारी बाई आणि गेटवरचा रखवालदार धरला तर चौघं, पण ते दोघं आतल्या खोलीत येत नसत. आतल्या खोलीत धूळ चालत नाही.

जागा पालघरहून मनोरकडे जाणाऱ्या रस्त्याला, डोंगराच्या पायथ्याशी. खाली सलग काळा खडक आणि रेल्वे लांब, म्हणून वीस वर्षांपूर्वी ती निवडली होती. पुढे जवळच दगडखाण सुरू झाली आणि दुपारी एकला सुरुंग उडू लागले. सुरुंग उडाला की लेसर हलतो, तो परत जागेवर आणायला वीस मिनिटं जातात. म्हणून जेवणाची वेळ एक ठरून गेली. उबाळे सर केबिनमध्ये जेवत, दीपिका मागच्या पायरीवर. पूर्वी होती तोवर पायरीवर दोघी असत.

दीपिका पालघरात ज्या बाईंकडे भाड्याने राहायची, त्यांनी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, "तुझं ऑफिस कसलं गं?"

"घड्याळाचं," ती म्हणाली होती.

दुसऱ्या दिवशी बाई भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ घेऊन तिच्या दारात आल्या. दीपिकाने सेल बदलून दिला. खरं काय ते सांगायचं तेव्हा राहिलं, आणि मग चार वर्षं राहूनच गेलं.

खरं तर ते घड्याळच होतं. स्टीलची एक पेटी, आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली. पेटीत सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांचा एक लांबट सापळा, आणि त्या सापळ्यात विजेच्या जोरावर अधांतरी धरून ठेवलेला यिटर्बियम धातूचा एक आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेला अणू. एका नेमक्या रंगाचा प्रकाश टाकला तरच हा आयन तो घेतो; रंग जरासा सरकला की घेत नाही. लेसरच्या प्रकाशाचा रंग आयनाला विचारून सतत दुरुस्त करत राहायचा आणि त्या प्रकाशाचे हेलकावे मोजायचे. लंबकाच्या जागी प्रकाश, एवढाच फरक.

अडचण अशी की आयनाला एकदा विचारलं की एकच उत्तर मिळतं, घेतला किंवा नाही घेतला. सतराव्या दशांश स्थळापर्यंत खात्री हवी तर लाखो वेळा विचारावं लागतं. एका आयनाकडून ते काम व्हायला बारा दिवस लागत. सात आयन एका ओळीत बसवून सातही जणांना एकदम विचारलं, तर पावणेदोन दिवसांत भागतं. पण सात आयन शेजारी आले की एकमेकांना रेटतात. मधल्याला दोन्ही बाजूंनी जास्त रेटा, टोकाच्यांना कमी. त्यामुळे प्रत्येकाचा ठोका अगदी थोडा बदलतो, आणि तो किती बदलला हे हिशेबाने काढून टाकावं लागतं. हे सगळं जमवून सात आयनांचं घड्याळ चालतं करायचं, हे दीपिकाचं आणि पूर्वीचं काम होतं. चार वर्षं लागली. मे महिन्यात पहिल्यांदा सातही ठिपके कॅमेऱ्याच्या पडद्यावर तासभर न हलता उभे राहिले. जूनमध्ये पूर्वी गेली.

खोलीत दोन पेट्या होत्या. एक ही नवी, सात आयनांची. दुसरी जुनी, उबाळे सरांची, एका आयनाची. सरांनी ती स्वतः बांधली होती आणि तिच्यावरून काढलेला आकडा सहा वर्षांपूर्वी छापून आला होता. त्या वर्षी जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेने आपलं घड्याळ खोक्यात घालून महिनाभरासाठी इथे आणलं होतं. दोन घड्याळांत किंचित फरक निघाला. जर्मन मंडळींनी तो आपल्या घड्याळाच्या प्रवासाच्या माथी मारला, सरांचा आकडा मान्य केला आणि ते परत गेले. तेव्हापासून इथे काहीही मोजायचं तर जुन्या पेटीशी ताडून बघायचं, अशी रीत होती.

जुलैत दीपिकाने नवी पेटी जुन्या पेटीशी ताडून बघितली. सतराव्या स्थळावर चारचा फरक आला.

तिने तो कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सर उंच, किडकिडीत, बोलायला कमी. मूळचे धाराशिवकडचे. सगळ्यांना, अगदी झाडणाऱ्या बाईंनाही, ते 'तुम्ही' म्हणत.

"सातांचा शेजारचा रेटा नीट काढला का?" त्यांनी विचारलं.

"काढलाय, सर. तीनदा."

"मग चौथ्यांदा काढा."

तिने काढला. ऑगस्ट त्यातच गेला. मग तापमान तपासलं, लेसरच्या वाटेतल्या काचा तपासल्या, चुंबकीय क्षेत्र तपासलं, पेटीत राहिलेली हवा तपासली. प्रत्येक गोष्टीला आठवडा लागायचा आणि प्रत्येक आठवड्याच्या शेवटी चार तिथेच असायचे. चूक आपलीच असणार, याबद्दल तिच्या मनात काही शंका नव्हती. पूर्वी असती तर दोघींनी मिळून चूक शोधली असती, न सापडण्याला नावं ठेवली असती. आता ती पूर्वीला संदेश पाठवायची आणि उत्तर दुसऱ्या दिवशी यायचं. सप्टेंबरात चार दिवसांनी येऊ लागलं. त्यात तिकडच्या थंडीबद्दल, नव्या खोलीबद्दल असायचं, आणि शेवटी, 'सापडेल गं.'

कधीकधी सोमवारी प्रयोगशाळेत आल्यावर तिच्या लक्षात यायचं की शुक्रवारी संध्याकाळी रखवालदाराला 'येते' म्हटलं, त्यानंतर आपण कुणाशीच बोललो नाही. आवाज निघायला थोडा वेळ लागायचा.

ऑक्टोबरच्या मध्यावर ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, जुन्या सापळ्यात सात आयन भरून बघू का? सापळा लांबट आहे, रांग मावेल."

"कशासाठी?"

"फरक कुठून येतो ते कळेल."

"फरक नव्या सापळ्यातून येतो."

"नव्यातलं सगळं तपासून झालंय, सर."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जुन्या सापळ्यात आठ वर्षं एकच आयन भरलाय. तिथे एकच राहील," ते म्हणाले आणि पुन्हा कागदात बघू लागले.

महिनाअखेरीस सर चार दिवस मुख्य कार्यालयात गेले. त्यांच्या निवृत्तीचे कागद व्हायचे होते. दीपिकाने पहिला दिवस नव्या पेटीवर काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या पेटीचा सापळा रिकामा केला आणि त्यात एकामागोमाग एक सात आयन भरले. काम सरावाचं होतं. दुपारपर्यंत सात ठिपके पडद्यावर ओळीने उभे राहिले.

पुढचे दोन दिवस तिने प्रत्येक आयनाचा ठोका वेगवेगळा नोंदवला. कागदावर सात रकाने आखून आकडे भरले. शेजाऱ्यांचा रेटा दोन्ही टोकांना सारखाच असायला हवा. म्हणजे पहिल्याचा ठोका सातव्यासारखा, दुसऱ्याचा सहाव्यासारखा, तिसऱ्याचा पाचव्यासारखा. नव्या सापळ्यात ते तसंच जुळायचं. इथे जुळत नव्हतं. डावीकडचे तिघे उजवीकडच्या तिघांपेक्षा मंद होते, आणि जितकं डावीकडे जावं तितके जास्त मंद.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसली. सापळ्याच्या डाव्या बाजूला काहीतरी होतं. पट्टीवर विद्युतभाराचा एखादा डाग असणार, धातूची वाफ बसून वर्षानुवर्षं साचलेला. एकाच आयनाने तो कधीच दिसला नसता. एका आयनाचा ठोका डागामुळे मंद झाला तर तो आयन मुळातच तेवढा मंद आहे असं वाटतं. ताडून बघायला शेजारी कुणी नसतं.

असल्या डागाचा परिणाम घालवायची रीत सरांना ठाऊक होती, त्यांनी ती वापरलीही होती. चुंबकीय क्षेत्र तीन वेगवेगळ्या दिशांना वळवून मोजायचं आणि सरासरी घ्यायची. डाग आपोआप कटतो. फक्त तिन्ही दिशा एकमेकींशी काटकोनात हव्यात. दीपिकाने सात आयनांच्या मदतीनेच दिशा तपासल्या. दोन बरोबर होत्या. तिसरी सहा अंशांनी कललेली. पेटीमागे जाऊन तिने टॉर्च मारला. चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या तिसऱ्या कॉइलखालची एक चकती बसवायचीच राहिली होती.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी तिने सात आयन काढून टाकले आणि जुन्या सापळ्यात पुन्हा एकच भरला. सहा अंशांचा कल धरून हिशेब केला. सतराव्या स्थळावर चार, जुलैपासूनचा तोच फरक.

रविवारी ती चिंचणीला गेली. तिचे आईवडील, सोमी आणि सुका, जव्हारकडच्या डोंगरातले. भात आणि नागली कापून झाली की पाचसहा महिने ते चिंचणीला एका मिरचीच्या वाडीवर कामाला असत. दीपिका लहान असल्यापासून हे चालू होतं. आधी आश्रमशाळेच्या सुट्टीत ती त्यांच्यामागे वाडीवर यायची, आता बोईसरहून रिक्षाने. वाडीच्या कडेला विहीर, विहिरीजवळ त्यांचं झाप, गवताने शाकारलेली झोपडी. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. सुका मिरचीची रोपं लावून आला होता, हातपाय धुऊन तिच्याजवळ बसला.

"बारीक जालीस," तो म्हणाला. "काय जाला?"

"काही नाही, बा."

"नाय कसा? तोंड बघ तुजा."

तिने त्याला कधी कामाचं सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कधी वाटलंच नव्हतं. आता तिने सांगितलं, जमेल तसं. एक जुनं घड्याळ आहे, ते मोठ्या साहेबांनी बनवलंय. सगळे त्यालाच बरोबर धरतात. मी तपासलं तर ते चुकीचं निघालं. साहेब दोन महिन्यांनी घरी जाणार.

"किती चुकीचा?"

ती विचार करून म्हणाली, "जग सुरू झालं तेव्हापासून आतापर्यंत ते चालत असतं, तर सतरा सेकंद."

सुका हसला. मग आईकडे बघून त्याने ते तिलाही सांगितलं. तीही हसली. "सतरा सेकंदावर कोन रागावतो?" ती म्हणाली.

"ते रागावतील असं नाही, आय."

"मंग?"

दीपिकाने चुलीत एक काटकी सरकवली. सुकाने विहिरीकडे बघत विचारलं, "तो साहेब एकला हाय का?"

"बायको वारली त्यांची. सात वर्षं झाली."

"पोरा?"

"नाही."

"तर सांग त्याला," सुका म्हणाला. "तू नाय सांगनार तर कोन सांगंल? पन बाहेरच्याला आधी नको सांगू. त्याला आधी सांग."

आईने भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढे केली. निघताना आईने तिच्या पिशवीत मूठभर ओल्या मिरच्या टाकल्या. रिक्षा बोईसरच्या दिशेने लागली तेव्हा दीपिकाने मागे वळून बघितलं. दोघं तोवर पुन्हा वाफ्यात वाकलेले होते.

सोमवारी सकाळी दहा वाजता ती केबिनच्या दारात उभी राहिली. सगळे कागद हातात होते.

"सर, तुम्ही नको म्हणाला होतात. तरी मी जुन्या सापळ्यात सात आयन भरले."

सरांनी वर बघितलं. ते ओरडतील अशी तिची तयारी होती. ते म्हणाले, "बसा."

तिने सात रकान्यांचा कागद पुढे ठेवला. सरांनी तो हातात घेतला आणि तिने काही सांगायच्या आधीच पहिल्या आणि सातव्या आकड्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्या आणि सहाव्यावर. त्यांनी तीन प्रश्न विचारले: आयन भरल्यावर किती वेळ थांबलात, लेसर कुठल्या बाजूने होता, आणि तिसरी दिशा कशी तपासली. तिने उत्तरं दिली. तिसऱ्या उत्तराला त्यांनी मान हलवली. कागदाच्या कडा जुळवल्या, घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवला.

"मी आज घरी जातो," ते म्हणाले.

मंगळवारी ते आले नाहीत, बुधवारीही नाहीत. फोन लागत होता पण कुणी उचलत नव्हतं. एका प्रयोगशाळेत दोन माणसं असतात आणि त्यातलं एक येत नाही, तेव्हा उरलेल्याने काय करायचं हे कुठल्या नियमात लिहिलेलं नसतं. बुधवारी एकला सुरुंग उडाला. दीपिकाने लेसर परत बसवला नाही. कुलूप लावलं आणि बोईसरला गेली.

सर बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. आतल्या खोलीत जमिनीवर पंधरावीस नोंदवह्या पसरलेल्या होत्या, प्रयोगशाळेच्या, काळ्या पुठ्ठ्याच्या. भिंतीवर एका बाईंचा फोटो होता, हसऱ्या, कपाळाला मोठं कुंकू.

"या," सर म्हणाले. "चहा ठेवतो."

"मी ठेवते, सर."

"नको. मला येतो." ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा चहा उतू गेलेला होता आणि कप अर्धेच भरले होते. त्यांनी एक वही उचलली, खूण घातलेलं पान उघडलं आणि तिच्यापुढे धरलं.

मार्च महिन्याची तारीख होती, सात वर्षांपूर्वीची. सरांचं बारीक, सरळ अक्षर. तिन्ही दिशांचे आकडे, तिसऱ्याभोवती पेन्सिलीचं गोल. खाली लिहिलेलं: 'कॉइल ३ तपासणे.'

"म्हणजे तुम्हाला दिसलं होतं," दीपिका म्हणाली.

"दिसलं होतं." सर खुर्चीवर बसले. "कालपासून मी एकच शोधतोय. पुढच्या कुठल्या पानावर तपासल्याचं लिहिलंय का. नाही लिहिलेलं. म्हणजे तपासलं नाही."

सरांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"प्रियदर्शिनी तेव्हा मुंबईला दवाखान्यात होती. मी सकाळी प्रयोगशाळेत यायचो, दुपारी तिकडे जायचो. अकरा मार्चला हे लिहिलं. बारा मार्चला सकाळी तिकडून फोन आला. त्यानंतर मी सतरा दिवसांनी कामावर आलो, आणि आलो तेव्हा..." त्यांनी वही मिटली. "आलो तेव्हा ते पान मागे पडलं होतं. मी पुढच्या कोऱ्या पानापासून सुरुवात केली. मागचं उलटून बघवत नव्हतं."

"सर, कुणाच्याही हातून झालं असतं."

"कुणाच्याही हातून झालं असतं, पण दुसरं कुणी असतं तर त्याने विचारलं असतं. बाबा रे, तिसऱ्या कॉइलचं काय झालं? मला कुणी विचारलं नाही. मीच कुणाला ठेवलं नव्हतं. मला एकट्याने करायची सवय होती." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला नको का म्हणालो, माहीत आहे?"

"नाही."

"मलाही नाही. तेच दोन दिवस आठवतोय. मला आतून माहीत होतं म्हणून नको म्हणालो, की नुसतंच? खरं सांगायचं तर कळत नाही."

खाली रस्त्यावर कारखान्याची पाळी सुटली होती. कामगार हिंदीत मोठमोठ्याने बोलत चालले होते. दीपिकाने वह्या गोळा करून तारखेप्रमाणे लावायला घेतल्या. सर बघत राहिले, मग तेही खाली बसले आणि वह्या पुढे सरकवू लागले. सगळ्या लागल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही हे अजून कुणाला सांगितलंय?"

"माझ्या वडलांना."

"ते काय करतात?"

"चिंचणीला मिरचीच्या वाडीवर असतात."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांना आधी सांग."

सरांनी मान हलवली. "उद्या मी येतो," ते म्हणाले. "ज्यांनी आकडा छापला त्यांना दुरुस्तीचं पत्र लिहायचंय. तिसऱ्या कॉइलखाली चकती घाला, पण मी आल्यावर. मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून आले. पेटीमागे गुडघ्यावर बसून त्यांनी टॉर्च धरला आणि दीपिकाने चकती बसवली. पत्र लिहायला तीन आठवडे लागले, कारण सर प्रत्येक वाक्य दोनदा वाचायला लावत. लेखकांत तिचं नाव पहिलं आणि स्वतःचं दुसरं त्यांनी घातलं. ती नको म्हणाली तर म्हणाले, "काम तुम्ही केलंय." 'तांत्रिक कारणामुळे' असं तिने लिहिलं होतं. ते खोडून त्यांनी लिहिलं, 'तिसऱ्या दिशेतील विसंगती लेखकांपैकी एकाच्या नोंदीत होती. ती तपासली गेली नाही.'

"एवढं लिहायची गरज नाही, सर."

"आहे."

पत्र गेल्यावर तिने जर्मनीला पूर्वीला कळवलं. यावेळी उत्तर त्याच संध्याकाळी आलं. पूर्वी आता जिथे काम करत होती, त्याच प्रयोगशाळेने सहा वर्षांपूर्वी खोक्यातून घड्याळ आणलं होतं. त्यांनी जुनी मोजणी काढून नव्या आकड्याशी ताडली आणि प्रवासाच्या माथी मारलेला फरक जवळजवळ संपूर्ण नाहीसा झाला. त्यांचं घड्याळ तेव्हाही बरोबरच होतं. दीपिकाने ते सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यांना माझ्याकडून लिहा की माफ करा." आणि मग, "नाही, मीच लिहितो."

निरोपाचा कार्यक्रम डिसेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी झाला. मुख्य कार्यालयातून तिघं आले होते, सोबत शाल आणि नारळ. बाहेरच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या होत्या, पंधरा माणसं होती. पाहुण्यांनी सरांच्या एका आयनाच्या घड्याळाचं कौतुक केलं. मग सर बोलायला उभे राहिले. त्यांनी आभार मानले आणि म्हणाले की ज्या आकड्याचं आत्ता कौतुक झालं तो चुकीचा होता. तो कसा चुकला आणि कुणी शोधला, हे त्यांनी पाच मिनिटं सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, बोटांनी सात आयनांची रांग दाखवत. पाहुणे अवघडले. एक जण घड्याळात बघू लागला. टाळ्या वाजल्या, पण कुठे वाजवायच्या हे न कळल्यासारख्या.

समोसे संपल्यावर गाड्या निघाल्या. सर दीपिकाजवळ आले. शाल अजून खांद्यावर होती.

"चुकीचं बोललो का?"

"नाही, सर. पण त्यांना आवडलं नाही."

"ते असू दे." त्यांनी शाल काढली, घडी केली. "गावी चाललोय मी. भाऊ तिथे आहे. बोईसरची जागा देऊन टाकली."

हे तिला माहीत नव्हतं. तिने फक्त "कधी?" एवढंच विचारलं.

"रविवारी."

जानेवारीत नवे प्रमुख यायचे होते; ते मार्चवर गेलं. पूर्वीच्या जागी माणूस घेण्याची जाहिरात निघाली नाही. दीपिका सकाळी कुलूप उघडायची, संध्याकाळी लावायची. दोन्ही घड्याळं आता सतराव्या स्थळापर्यंत एकमेकांशी जुळत होती. हे चार वर्षांत पहिल्यांदाच घडलं होतं, आणि ते सांगायला खोलीत कुणी नव्हतं. तिने नव्या घड्याळाच्या कामाचा पुढचा भाग सुरू केला, सातांचे अकरा आयन करायचे. पहिल्या आठवड्यात रांग नवावर मोडायची. ती पुन्हा भरायची.

फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी फोन वाजला. उबाळे सर होते. मागे शेळीचा आवाज येत होता.

"कामात आहात का?"

"नाही, सर. बोला ना."

"काही विशेष नाही. इथे सगळं ठीक आहे. भावाची सून जेवायला घालते वेळेवर. बोलायला माणसं आहेत, पण बोलायचं काय ते सापडत नाही." मग म्हणाले, "रांग कितीवर गेली?"

"काल दहा उभे राहिले. चाळीस मिनिटं."

"प्रत्येकाचे ठोके नोंदवलेत?"

"हो."

"वाचून दाखवता का? मी लिहून घेतो."

त्या आकड्यांचा त्यांना काही उपयोग नव्हता. तिकडे त्यांच्याजवळ ना लेसर होता, ना हिशेब करायचं यंत्र. दीपिकाने वही पुढे ओढली. पलीकडे कागद चाळल्याचा, मग पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"लिहा, सर," ती म्हणाली. "पहिला."

तिने दहाही आकडे सावकाश वाचले. प्रत्येकानंतर ती थांबायची आणि ते तो आकडा परत म्हणायचे. दहा झाल्यावर त्यांनी पहिला आणि दहावा ताडून बघितला, दुसरा आणि नववा. "जुळतात," ते म्हणाले.

"हो, सर."

"पुढच्या गुरुवारी करू का फोन?"

"करा," दीपिका म्हणाली. "दीडनंतर करा. तेव्हा मी मोकळी असते."